स्टेअरिंग धरायला माणूस

४ जानेवारी

चि. टिल्लीस अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाही म्हणून रुसली आहेस, ते कळलं. पण फोनवर मला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरतो, त्यापेक्षा पत्र बरं. अंगठ्याएवढी होतीस तेव्हापासून तुझा आवाज मोठा आहे, तरी हल्ली तोही पुरत नाही.

इकडे पिकअपने नवीन खोड काढली आहे. पन्नासचा वेग गाठला की पुढची चाकं थरथरतात आणि स्टेअरिंग हातात नुसतं नाचतं. वेग कमी केला की पुन्हा शहाण्यासारखी चालते. चाकांचं बॅलन्सिंग केलं, पुढचे टायर मागे घातले, चाकं वळवणाऱ्या टाय रॉडचे सांधे नवे बसवले. फरक शून्य. काल अंड्यांचे ट्रे दुकानात पोचवले, तर वरच्या थराचा पार चिखल झालेला. दुकानदार फडकं घेऊन पुसत बसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाकी ठीक. एकट्याचा स्वयंपाक एका भांड्यात आटपतो. तुझी आई असती तर त्याला स्वयंपाक म्हणाली नसती.

तुझी आठवण नेहमीच येते.
बाबा

१३ जानेवारी

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हे लगेच म्हणाले की गाडी विका आणि बाबांना इकडे आणा, मागची खोली रिकामीच आहे. मी विषय बदलला. तुम्ही त्या खोलीत दोन दिवसांत खिडकीचे स्क्रू काढायला बसाल, हे मला माहीत आहे.

आई असताना तुम्ही गाडी कशी तपासायचात ते आठवतंय. ती सीटवर बसून स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवायची आणि तुम्ही गाडीखाली झोपून एकेक सांधा चाचपायचात. कुठे ढिलाई आहे ते हाताला कळतं म्हणायचात. या वेळी तसं केलंत का? की नुसत्या अंदाजाने एकामागून एक पार्ट बदलताय?

आणखी एक विचारते, रागावू नका. आजोबांचे हात शेवटी शेवटी थरथरायचे, कप बशीत वाजायचा. तुमचं अक्षर या वेळी जरा हललेलं वाटलं. बाबा, थरथरतं ते स्टेअरिंगच ना?

उत्तर लवकर द्या. तुमच्या मायेवरच इथे दिवस निघतात.
तुमची टिल्ली

२१ जानेवारी

चि. टिल्लीस अनेक आशीर्वाद.

अक्षर हललं कारण टेबलाचा पाय हलतो. एवढ्यावरून बापाला म्हातारा ठरवू नये.

तू म्हणतेस तशी तपासणी करायला दोन माणसं लागतात. मी एकट्याने करून पाहिली. स्टेअरिंगला दोरी बांधली, दोन्ही खिडक्यांतून बाहेर काढली आणि खाली झोपून ओढत बसलो. दोरी हॉर्नवर दाबली जाऊन हॉर्न बोंबलत होता म्हणे, मला पत्ताच नाही. समोरचा सुतार धावत आला आणि त्याने दोरी सोडवली. त्याला वाटलं मी गाडीखाली चिरडलो गेलो. वर आलो तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. आम्ही दोघंही हसलो खरे, पण मला फार ओशाळवाणं वाटलं.

तूच जरा स्टेअरिंग धर, असं त्याला सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. नाही सांगितलं. त्याने मग एक फेरी मारून बघतो म्हटलं असतं. आणि त्याच्या हातात गाडी सरळ गेली असती, तर मी काय करायचं?

तुझी आई मांडीवर मटार घेऊन बसायची. एक हात स्टेअरिंगवर, दुसऱ्याने सोलणं चालू. मी खालून थांब म्हटलं तरी तिचं हलवणं चालूच, कारण ती मला गल्लीतल्या बातम्या सांगत असायची. माणूस गेल्यावर काय काय अडेल याचा मी खूप विचार केला होता. स्टेअरिंग धरायला कोणी नसेल हे तेवढं सुचलं नव्हतं.

असाच जीव लावत राहा.
बाबा

३० जानेवारी

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

पत्र चारदा वाचलं. हे कामावर गेले की इथेही घड्याळ आणि मी, एवढेच असतो. तुम्हाला बोलवायला मलाही निमित्त हवंच आहे, पण हे निमित्त नको.

आजच्या आज सुतारकाकांकडे जा. त्यांना सीटवर बसवा, मग फेरीही मारू द्या. जे निघेल ते निघेल. तोवर अंडी घेऊन रस्त्यावर जायचं नाही, माझी शपथ आहे. रस्त्यावर दुसऱ्यांची पोरंबाळंही असतात.

काही झालं तरी तुमचीच,
टिल्ली

१० फेब्रुवारी

चि. टिल्लीस अनेक आशीर्वाद.

तुझी शपथ, म्हणून गेलो. सुतार कसलेही आढेवेढे न घेता आला आणि सीटवर बसून स्टेअरिंग हलवू लागला. मी खाली एकेक सांधा धरून पाहिला, सगळे घट्ट. मग सहज वर हात गेला तर स्टेअरिंग बॉक्सच जागेवरून हलत होता. ज्याच्या भरवशावर सगळं, त्याचाच एक बोल्ट तुटलेला आणि बाकीचे सैल. गाडी नुसती उभी असताना ते दिसत नाही, कोणीतरी स्टेअरिंग फिरवावं लागतं. नवे बोल्ट घातले. सुताराने लांब फेरी मारली. गाडी रेषेत गेली. मला इतका आनंद झाला की मी त्याला दोनदा चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर एकटाच निघालो. पन्नास गाठले, पंचावन्न गाठले, स्टेअरिंग ढिम्म हललं नाही. आणि तेव्हा दिसलं. त्याच्यावर ठेवलेला माझा उजवा हात हलत होता. थोडासाच. इतके दिवस गाडीच्या थरथरीत तो लपून गेला होता. बाजूला थांबून डाव्या हाताने तो धरून बसलो. खूप भीती वाटली. तुझ्या आईला हाक मारली, हेही तुला सांगून टाकतो.

हळूहळू घरी आलो आणि किल्ली सुताराकडे दिली. आता अंडी पोचवायला तो चालवतो आणि मी शेजारी, प्रवासात तुझी आई बसायची त्या जागेवर बसतो. गाडी विकायची नाही, ती ठणठणीत आहे. तू ये. मला डॉक्टरकडे न्यायचं आहे आणि गाडी तू चालवायची आहेस. मी मध्ये मध्ये ब्रेक मार म्हणून ओरडणार नाही, निदान तसा प्रयत्न करीन.

पत्र लिहायला दोन दिवस लागले. टेबलाचा पाय सुताराने केव्हाच पक्का करून दिला आहे. तरीही अक्षर असंच आलं, सांभाळून घे.

वाट पाहतो.
बाबा