सप्लाय पुरेसा आहे

प्रिय बारक्या,

उत्तर आधीच देऊन टाकते, नाहीतर तू पत्र उभ्या उभ्या वाचशील आणि अर्ध्यात ठेवून देशील. हो, तुझ्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय नव्या ग्राफिक्स कार्डाचा भार पेलेल. फोनवर हे एका वाक्यात सांगता आलं असतं. पण तू फोन स्पीकरवर ठेवतोस, शेजारी आई बसलेली असते, आणि पुढचं बोलायला लागले की तू मला बोलूच देणार नाहीस. म्हणून पत्र.

हिशेब नीट समजून घे. सप्लायवर ठळक अक्षरांत लिहिलेल्या साडेसहाशे वॅटवर मी जात नाही; माझ्या दुकानात येणारे निम्मे लोक त्याच आकड्याला भुलतात. खरी ताकद बघायची ती बारा व्होल्टच्या ओळीत, कारण कार्ड आणि प्रोसेसर दोघंही तिथूनच जेवतात. तू फोन तिरका करून स्टिकर दाखवलास, त्यावर पन्नास अँपिअर होते. म्हणजे सहाशे वॅट. कार्डाला सव्वादोनशे, प्रोसेसरला सव्वाशे, पंखे-डिस्क वगैरे किरकोळ मंडळींना पन्नास. कार्ड मध्येच हावरटासारखं जास्त ओढतं, त्यालाही जागा उरते. कंपनी बरी आहे, वय फार नाही, आतली धूळ मात्र उशी भरता येईल इतकी आहे. कार्डाला दोन प्लग लागतील, ते दोन वेगळ्या वायरींनी दे. एकाच वायरीचे दोन फाटे वापरू नकोस. न बांधलेल्या इमारतींमधून लोकांना पडद्यावर फिरवून आणायचं तुझं काम जरा लवकर होईल, आणि तो आर्किटेक्ट तुझ्या डोक्यावर मिरे वाटायचं थांबवेल.

आता दुसरं. तू म्हणालास, सप्लाय कमजोर असणार, कारण मशीन चालता चालता अचानक बंद पडतं. म्हणून रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तुला मशीनवर पूर्ण भार टाकायला लावला. थोडा वेळ सगळं झकास चाललं आणि एकदम बंद. तू मागे वळूनही न बघता म्हणालास, बघ ताई, गेला सप्लाय! बारक्या, माझ्यापुढे तुझी ही डाळ शिजायची नाही. मॉनिटरची वायर वेगळी, थेट भिंतीतून येते; सप्लाय बसला असता तर त्याचा छोटा दिवा लागलेला राहिला असता. तोही विझला. म्हणजे भिंतीवरचं बटण बंद झालं होतं. आणि पाण्याच्या बाटलीला टेकवलेल्या तुझ्या फोनमध्ये, अगदी कडेला, आईच्या तपकिरी स्वेटरची बाही होती. बटणाभोवती चिकटपट्टीचे डागही दिसले. तू ते झाकून पाहिलंस आणि तिने पट्टी सोलून काढली, असंच ना?

तू का लपवलंस तेही मला कळतं. गेल्या वर्षी आईला डॉक्टरांना दाखवून आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मीच ठरवलं होतं, की आई बटणं-गॅस यांना हात लावायला लागली तर तिला संस्थेत ठेवायचं. तू मान डोलावलीस. तेव्हापासून फोनवर विचारलं की आई मस्त असते आणि खापर बिचाऱ्या सप्लायवर फुटतं. मला तुझा राग आला, खरंच आला. पण ती बाही डोळ्यांपुढून हलेना, आणि मग आपल्या सुट्टीतल्या दुपारी आठवल्या. आपण गेम खेळत बसायचो. जेवणाची भांडी आवरून आई यायची आणि सरळ भिंतीवरचं बटण बंद करायची. तू भोकाड पसरायचास, सेव्ह केलं नव्हतं म्हणून. मग ती आपल्याला दोन्ही कुशींना घेऊन झोपायची. रविवारी मी फोन केला तेव्हा तुमची जेवणं नुकतीच उरकली होती, हे तूच सांगितलंस. मागच्या खेपेला तिने मला नर्स समजून माझे आभार मानले; घरी येऊन मी खूप रडले, तुला बोलले नाही. ती मला विसरली असेल. पण दुपारी मुलांना झोपवायचं असतं, हे ती विसरलेली नाही.

म्हणून हे पत्र. माझी अट मी मागे घेते. आईला कुठेही पाठवायचं नाही. गॅसची भीती मात्र खरी आहे, तिथे लाड नाहीत. गुरुवारी येताना शेगडीचा बंदोबस्त करणारा माणूस सोबत आणते. त्यापुढे दर आठवड्याला दोन दिवस दुकानाला कुलूप आणि मी तिथे. तू एकटा पुरायचा नाहीस, एवढं कळायला मला स्टिकर वाचावा लागत नाही. शिवाय एक यूपीएस आणतेय, नव्या बॅटरीचा. तो टेबलाखाली ठेवू. त्याची पीं-पीं बंद केलीय, आई दचकायला नको. बटणाला आता पट्टी लावू नकोस, तिला खुशाल बंद करू दे. बटण गेल्यावर तुला पाच-सात मिनिटं मिळतील. तेवढ्यात काम सेव्ह कर, आणि जाऊन तिच्या कुशीत पड.

तुझीच,
ताई