न फुटलेल्या अंड्यांचा वास

आये, तुझ्या जावयांनी घरात अंड्याचा वास केला आणि फ्रिजमधलं एकही अंडं कमी झालेलं नव्हतं, तिथून हे सगळं सुरू झालं. सोमवार होता. मी आंघोळ करून आले तर स्वयंपाकघरात भुर्जीचा वास. सोमवारी आमच्याकडे अंडं फुटत नाही, हे ह्यांना लग्नापासून ठाऊक आहे. ओट्यावर कढई घासून पालथी घातलेली. ज्या माणसाने तीस वर्षांत स्वतःचं ताट उचलून मोरीत ठेवलं नाही, त्याने कढई घासलेली. मी केराची बादली उपसून पाहिली, एक टरफल नाही. फ्रिज उघडला, रात्री ठेवलेली आठच्या आठ अंडी जागेवर. विचारलं, "भुर्जी केलीत का?" तर म्हणाले, "कंची भुर्जी?" आणि स्कूटरची चावी घेऊन निघून गेले. मी तुझीच मुलगी. त्या वेळी माझ्या मनात काय आलं, ते तुला सांगायला नको.

तू कुणावर डोळे मिटून विश्वास ठेवलास असं मला आठवतच नाही. मी बारा वर्षांची असेन. तुला ताप होता म्हणून तू मला एकटीला रेवदंड्याच्या बंदरावर पापलेटं आणायला पाठवलंस. मी ऐटीत पाटी घेऊन आले. तू अंथरुणातून उठलीस, पाटी दारात पालथी केलीस. वरची पापलेटं रुप्यासारखी, खालची सगळी मऊ. "वरचं बघून आलीस," तू म्हणालीस, "वरचं तर समदेच चांगलं ठेवतात." आणि मग ताप अंगात असताना दुपारभर मला समोर बसवून एकेका माशावर माझा अंगठा दाबून घेतलास. दाबलेलं वर आलं तर ताजं, खड्डा तसाच राहिला तर शिळं. डोळे मिटून सांगता येईपर्यंत उठू दिलं नाहीस. मला ह्यांचं स्थळ आलं तेव्हा तू चौलच्या वाड्यांतलं मासळीचं रोजचं गिऱ्हाईक सोडून रेवसला गेलीस आणि तीन दिवस धक्क्याजवळ पाटी घेऊन बसलीस. मुलगा पितो का, बोटीवरच्या माणसांवर हात उचलतो का, कुणाकुणाला विचारलंस कोण जाणे. परत येऊन म्हणालीस, "ठीक हाय. पन नजर ठेव." मी तीस वर्षं नजर ठेवली, आये. काही सापडलं नाही. हे बोटीवर तांडेल होते, नऊ माणसं ह्यांच्या शब्दावर जाळं टाकायची आणि ओढायची. मग दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा हलका झटका आला. डावा हात आणि जीभ जड झाली. जीभ सुटली, हात पुरता सुटला नाही. डॉक्टरांनी समुद्र बंद केला, बोट विकली. हे सहा महिने ओटीवर बसून होते. मग मांडव्याच्या बाजूला एका बंगल्यावर काम लागलं. वाडीत सांगितलं, देखरेखीचं आहे, पंप बघायचा, माळ्याकडे लक्ष ठेवायचं. मलाही तेच सांगितलं आणि मी ते वरच्या पापलेटासारखं घेतलं.

अंड्याच्या वासानंतर मात्र मी खालचं बघायला लागले. लग्नात तू दिलेला पाटा-वरवंटा आठवतो ना, जो तू एसटीत मांडीवर घेऊन आली होतीस? मिक्सर आल्यापासून तो कोपऱ्यात पडून असतो. एका सकाळी हे मोरीत होते आणि वरवंटा ओट्यावर. त्याच्याखाली ताटलीत ओल्या फडक्याचं गाठोडं, त्यातून पाणी झिरपतंय. सोडून पाहिलं तर आत पांढरं, गुळगुळीत, थंडगार काहीतरी, वडीच्या आकाराचं. वास नाही, चव बघायची हिंमत नाही. लाज वाटते सांगायला, पण पहिला विचार करणीचा आला. अंगणवाडीत बायकांना मीच सांगते, मूल आजारी पडलं तर भगताकडे जाऊ नका म्हणून. अंगठा आपोआप पुढे गेला. दाबला, तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. तुझ्या मापाने शिळं. मी होतं तसं बांधून ठेवलं. दुसऱ्या दिवशी स्कूटरची डिकी उघडून पाहिली. त्या पांढऱ्या वड्यांचं पाकीट, त्याच्यावर टोफू असं लिहिलेलं, आणि एक छोटी बाटली, आत गुलाबीसर पूड. झाकण उघडलं तर अंड्याचा भपकारा. नाकाशी धरून पुन्हा पाहिलं, तर पादेलोण! पोट फुगलं की तू ताकात घालून द्यायचीस तेच. पण पादेलोण लपवून ठेवण्यासारखं काय आहे? आमच्या अंगणवाडीच्या मदतनीसाची बहीण बंगल्यांवर कामाला जाते. मी आपलं सहज विचारल्यासारखं विचारलं, तर मदतनीस म्हणाली, "सोयाबीनचं पनीर हाय ते, ताई. बंगल्यावाल्या बायका खातात. मासळी न्हाय, अंडं न्हाय, दूधबी न्हाय. व्हीगन म्हनतात. त्याची भुर्जी करतात, अंड्यासारखा वास यावा म्हनून पादेलोण टाकतात." एवढ्या सगळ्यातलं मी एकच ऐकलं. बायका.

तू असतीस तर दारात उभी राहून वाडी गोळा केली असतीस. मी भांडले नाही, आणि ते जास्त वाईट होतं. हे रोज उठून वरवंट्याखाली ते टोफू दाबून ठेवायचे, पाणी निथळलं की डब्यात भरून न्यायचे. मी शर्टांचे वास घेतले. फोन वाजला की दाराआड थांबले. ह्यांच्या तोंडून एखाद्या बाईचं नाव पडेल म्हणून आठवडाभर वाट पाहिली. "आज उशीर झाला?" म्हटलं की म्हणायचे, "पंप बिघडला." रोज कसा बिघडेल पंप? माणूस कुणासाठी तरी करायचं असल्याशिवाय या वयात कांदा चिरायला शिकत नाही, एवढं मला कळत होतं. मग दोन सकाळी, हे आंघोळीला गेल्यावर, मी वरवंटा उचलला, फडकं सोडलं, त्या पांढऱ्या वडीला मूठभर मीठ चोळलं आणि पुन्हा गाठ मारून ठेवलं. खाऊ दे जी कोण असेल तिला. तिसऱ्या दिवशी मीठ चोळलं नाही. अंगणवाडीत रजा सांगितली आणि ह्यांच्या मागोमाग सहा आसनी रिक्षात बसून मांडव्याला गेले.

बंगल्याचं फाटक उघडंच होतं. माळी म्हणाला, "तांडेल व्हय? मागं किचनमधी हायेत." मी मागच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. आत हे गॅससमोर, कमरेला फडकं बांधलेलं. कढईत कांदा, मिरची, टोमॅटो परतून झालेला, वर हळद. आणि हे त्या डाव्या हाताने, डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला दिला तरी ज्याची बोटं मिटत नव्हती त्या हाताने, टोफू कुस्करून कढईत सोडत होते. हळूहळू, न सांडता. ते पिवळं झालं, सुटंसुटं झालं, हुबेहूब भुर्जी. मग गॅस बंद करून बाटलीतलं पादेलोण चिमटीने टाकलं. बाजूला खुर्चीत बाई बसली होती. आये, मी जिच्यासाठी आठवडाभर जळत होते ती बाई! काठी टेकलेली, केस पांढरेशुभ्र, तू गेलीस तेव्हा होतीस त्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठी. ती म्हणाली, "तांडेल, आज मिठाकडे लक्ष द्या हं. दोन दिवस मला खाल्लं नाही गेलं. टाकून द्यावं लागलं सगळं. तुमचं लक्ष कुठे असतं?" आणि हे मान खाली घालून म्हणाले, "व्हय बाई. आज मोजून टाकलंय." नऊ माणसांना नुसत्या नजरेने गप्प करणारा माणूस. मला आधी हायसं वाटलं, लगेच त्या बाईचा राग आला, ही कोण ह्यांना बोलणारी, आणि मग आठवलं की ते मीठ माझं होतं. बाईने एक चमचा खाल्ला. म्हणाली, "हां, आता बरोबर." तेव्हा हे हसले. बोट विकल्यापासून मी ते हसणं पाहिलं नव्हतं. हसतानाच ह्यांची नजर खिडकीकडे गेली.

काम आटपून हे बाहेर येईपर्यंत मी फाटकाशी उभी होते. स्कूटरवर मागे बसले. मांडव्याची वस्ती संपली तशी ह्यांनी स्कूटर सुरूच्या झाडांपाशी थांबवली, पण उतरले नाहीत. पुढे बघतच म्हणाले, "पाळत ठेवलीस?"

"ठेवली. तुमी देखरेख म्हनालात."

"मंग काय सांगू वाडीत? तांडेल बंगल्यात भाजी परततो?"

"वाडीचं सोडा. मला सांगायचं व्हतं."

"तुला सांगितलं असतं तर तू शिकवायला बसली असतीस," हे म्हणाले. "आधीची सैपाकीन सोडून गेली. बाईंना नऊच्या ठोक्याला खायला लागतं. एक दिवस मीच म्हटलं, दावा कसं करतात ते. त्या सोमवारी घरी करून बघितलं. आता जमतं. मला आवडतं गं ते. कढईसमोर उभा राहिलो की हा हात ऐकतो माझं."

तीस वर्षं मी ह्या माणसाला ताट वाढत होते आणि ह्याला कढईसमोर उभं राहायला आवडेल, हे मला माहीत नव्हतं. दुसरी बाई निघाली असती तर मला काय करायचं ते ठाऊक होतं. याचं काय करायचं ते सुचेना. मी नुसतं म्हटलं, "बरं, करा की मंग."

"न्हाय. सोडावं लागंल आता," हे म्हणाले. "दोन दिस मीठ जास्त पडलं. माझ्या हिशोबानं मी एकदाच टाकलं. पन दोनदा टाकलं असणार, मला आठवत न्हाय. डॉक्टर म्हनलेला, कायबी विसरायला लागलास तर लगेच सांग म्हनून. दोन दिस तुला सांगायचं सांगायचं करतोय. भ्या वाटतं."

मी तोंड उघडलं, आये. खरंच उघडलं होतं. आणि मला आपल्या शेजारची ती काकी आठवली, जिच्यावर तू सुक्या बोंबलांच्या चोरीचा आळ घेतला होतास. भर वाडीत तिची पिशवी उलटी केलीस. चार दिवसांनी बोंबील आपल्याच माळ्यावर, फाटक्या जाळ्याखाली सापडले. मी शिडीवर होते, तू खाली. तू वर पाहिलंस, मी पाहिलं ते तू पाहिलंस, आणि म्हणालीस, "खाली ये. कुनाला बोलू नको." काकी मरेपर्यंत आपल्या दारावरून मान वळवून जायची. मला तेव्हा वाटायचं, काकीच्या दारात जाऊन एक वाक्य बोलायला एवढं काय जड जातं आईला? सुरूच्या झाडाखाली मला ते कळलं. संशय घेताना माणूस वाडीभर बोलतो, तो खोटा निघाला की एकटा पडतो. मी उघडलेलं तोंड मिटलं आणि म्हटलं, "सोडू नका काम. मी हाय ना. रोज सकाळी आधी घरी थोडी करून बघा, मी चाखते."

म्हणून आता आमच्याकडे रोज सकाळी टोफूची भुर्जी होते, सोमवारीसुद्धा. पहिल्या दिवशी ओला स्पंज चावल्यासारखं वाटलं. आता तांदळाच्या भाकरीबरोबर जाते, पावाबरोबर तर बरीच जाते. वाडीत अजून देखरेखच चालू आहे. ह्यांचा डावा हात पूर्वीपेक्षा पुष्कळ मोकळा झालाय. पण मीठ टाकलं की हे थांबतात, डबा हातात धरून माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "टाकलं ना मी? एकदाच?" मी म्हणते, "व्हय. एकदाच." मग पुढचं करतात. काल म्हणाले, पुढच्या आठवड्यात अलिबागला डॉक्टरांना दाखवून येऊ, डोक्याचा फोटो काढायचा तर काढू, तू संगती चल. मी हो म्हटलं. त्याआधी मिठाचं सांगायलाच हवं. तोंडाने जमत नाही म्हणून निदान लिहून त्यांच्या डब्याखाली ठेवावं, असं ठरवून आज अंगणवाडीतून आल्यावर वही घेऊन बसले. बसले त्यांना लिहायला, आणि लिहिलं तुला. ही पानं मी फाडून चुलीत घालीन. त्याआधी एक गोष्ट सांगते, जी तुलाच सांगता येईल. तीस वर्षांत ह्यांनी मला कधी काही विचारून केलं नाही. आता रोज सकाळी विचारतात. आणि मला ते आवडतं, आये.