आईला सांगितलेलं भाषांतर

तात्या, आज शेजारची मुलगी इंग्रजीचा भूतकाळ विचारायला आली आणि तिला समजावताना माझ्या तोंडून तुमचीच वाक्यं निघाली. कर्जतचं आपलं स्वयंपाकघर. आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही नुकतेच शाळेतून येऊन पाटावर बसलाय, आणि मॅट्रिकला इंग्रजीत नापास झालेला माझा भाऊ ‘गो’ला ‘ईडी’ लावून चक्क ‘गोड’ वाचतो. आई हसते. तुम्ही मात्र भडकता. “गोड काय त्यात? वेंट म्हण, वेंट! आणि डिड आलं की क्रियापद मूळ रूपात. डिड नॉट गो. मास्तराचा मुलगा ना तू?” त्याला ते शेवटपर्यंत जमलं नाही. भांडी विसळता विसळता ऐकून मला जमलं.

पुन्हा नापास झाला तेव्हा तो कुणाला न सांगता नगरला जाऊन लष्करात भरती झाला. ब्रह्मदेशाकडून त्याची पत्रं यायची, मग थांबली. लढाई संपली, तालुक्यातली बाकीची मुलं परत आली. लष्कराने ‘बेपत्ता’ एवढंच कळवलं होतं, म्हणून आपण तिघं सर्व्हिस मोटारीने नगरच्या छावणीत गेलो. गोरा साहेब भला होता. त्याने आईला खुर्ची दिली, कागद चाळले आणि हळू आवाजात म्हणाला, “ही वॉज अ गुड बॉय. एव्हरीबडी लाइक्ड हिम.”

“काय म्हणतात हो?” आईने विचारलं.

तुम्ही टोपी सारखी केलीत. “चांगला मुलगा आहे म्हणतात. सगळ्यांना आवडतो.”

आईचा चेहरा उजळला. ती बाहेर नळावर पाणी प्यायला गेली तेव्हा मी म्हणाले, “तात्या, साहेब वॉज म्हणाला.”

“तुझं इंग्रजी अजून कच्चं आहे,” तुम्ही म्हणालात. माझ्याकडे न बघता.

त्यानंतर घरात इंग्रजी बंद झालं. तो पास झाला असता तर गेला नसता, हे तुम्ही कधी बोलला नाहीत; नुसते खंगत गेलात. तुमच्यामागे आई बरीच वर्षं जगली, त्याची वाट बघत. अंथरुणाला खिळल्यावर एका दुपारी तिने मला विचारलं, “तुला येतं ना गं इंग्रजी? तो साहेब तेव्हा काय म्हणाला होता?”

मी तुमचंच भाषांतर सांगितलं.

ती म्हणाली, “बरं. मग त्याचं श्राद्ध घालू नकोस.”

पितृपक्षात तुम्हा दोघांची पानं वाढते, त्याचं वाढत नाही. विचारणाऱ्यांना आईचा शब्द सांगते. हे पत्र तर कुठे पाठवायचं नाही, तेव्हा तुम्हाला खरं सांगते, तात्या. आईने सांगितलं म्हणून नाही. मलाच वाढवत नाही.