तीच प्रेस, नवी पाटी

दि. ९ मार्च

ती. वहिनींना धाकट्याचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. गुडघा शेकता ना? जरा बरं वाटलं की औषधाची बाटली फडताळात ढकलायची तुमची सवय मला ठाऊक आहे. इकडे सगळं ठीक. हिचा खोकला गेला, माझं पोट काही जात नाही.

ठमीला नोकरी लागल्याचं वाचून ही नाचायचीच बाकी होती. पहिल्या पगारात तुम्हाला चप्पल घेतली म्हणे! अगदी बापावर गेलीय पोरगी.

माझी बदली झालीय, हे कळवायचं राहिलं. सुरक्षेचे नियम मोडणाऱ्या कारखान्यांना सरकार दंड करतं. तो खरंच वसूल होतो का, हे आता आम्ही तपासतो.

या आठवड्यात दादा गेला त्या अपघाताचं प्रकरण माझ्या टेबलावर आलं. पत्रा दाबायच्या प्रेसला हात अडवणारी जाळी नव्हती म्हणून मालकाला दंड झाला, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, “भावोजी, त्यातलं मला काही नको. पण त्याला चटका बसू दे.”

बसला नाही, वहिनी. एक दमडी वसूल झाली नाही. ‘कारखाना बंद, वसुली अशक्य’ असं लिहून आमच्याच खात्यानं हात झटकले. बंद कसला? मालकानं पाटी बदलली आणि सगळी यंत्रं शहराच्या दुसऱ्या टोकाला नेली.

आज सकाळी मी तिथे गेलो. तीच प्रेस, पंचनाम्यातला क्रमांक ताडून पाहिला. वरून हिरवा रंग दिलाय. जाळी अजून नाही.

“काका! तुम्ही इथे?”

प्रेसवर ठमी होती. हात पुसत धावत आली. “हे माझे काका, सरकारात साहेब आहेत,” असं सगळ्यांना सांगत सुटली. बाप गेला तेव्हा एवढीशी होती. तिला काय माहीत? आणि नव्या नावावरून तुम्हाला तरी कसं कळणार?

मी मालकाला म्हटलं, “ही प्रेस आधी बंद करा.”

तो हसला. “साहेब, तुम्ही वसुलीवाले. प्रेस बंद करणं तुमच्या हातात नाही. चहा घ्या.”

खोटं नव्हतं त्याचं. तो अधिकार कारखाना निरीक्षकांचा; त्यांना तिथूनच फोन केला. “पुढच्या आठवड्यात बघू,” म्हणाले.

तिच्या आईला बरं नाही, अशी मालकाला थाप मारून मी ठमीला बाहेर काढलंय. समोरच्या हॉटेलात बसून हे लिहितोय. खरं सांगणारच होतो, तेवढ्यात ती म्हणाली, “काका, मला नोकरी लागल्यापासून आई नीट झोपते हो.” मी चहा मागवला आणि कागद पुढे ओढला. आता चहा पीत विचारतेय, “इतकं काय लिहिताय?”

हे पत्र तिच्याच हाती देतोय. तुम्ही वाचाल तेव्हा ती समोर उभी असेल. तिला जवळ घ्या आणि बाप कोणत्या प्रेसवर गेला ते सांगा. उद्या तिला त्या दारात पाऊल टाकू देऊ नका. वसुलीचा पिच्छा मी सोडणार नाही, पण सरकारी काम आहे, वहिनी. तोवर पोरीला तुम्हीच अडवा.

दादाच्या पाठचा,
तुमचा भावोजी