रिकाम्या खुर्चीची मुलाखत

१६ जानेवारी २००९, शारजा
अखेर घर लागलं! दुबईच्या बर दुबई भागातल्या दीड खोलीनंतर ही चैनच. मंदी आल्यापासून लोक रातोरात देश सोडताहेत. आधीचा भाडेकरूही असाच गेला म्हणे, त्याची वेताची खुर्ची आम्हाला फुकट मिळाली. माझा नवरा निखिल रोज दुबईला जाताना ट्रॅफिकमध्ये रडणार, ते वेगळं. मी नोकरी सांभाळून डॉक्टरेट करते आहे. विषय: नोकरी गेलेली माणसं. संशोधनपद्धतीच्या वर्गात रोजनिशी सक्तीची आहे, ती मी हट्टाने मराठीत लिहिते. माझ्या आठ वर्षांच्या लेकीला, ओवीला, मराठी वाचता येत नाही. अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसतात, म्हणते. तेही इंग्लिशमध्ये, कार्टी!

२३ जानेवारी
साजिदा मॅडमनी आज मुलाखतीचं तंत्र शिकवलं. मोकळा प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. ज्याला शांतता आधी सोसत नाही तो सगळं देऊन बसतो, म्हणाल्या. माझ्यासारख्या बडबडीला हे जमायचं कसं? सराव रिकाम्या खुर्चीसमोरही चालेल म्हणे.
म्हणून दुपारी वेताच्या खुर्चीसमोर रेकॉर्डर लावला. नोकरी गेली त्या दिवसापासून काय काय झालं, सांगा, असं विचारलं आणि चक्क गप्प बसले. ओवी हसून हसून लोळली.

२५ जानेवारी
रेकॉर्डिंग ऐकलं. माझा प्रश्न, ओवीचं हसणं, मग शांतता. मग वेत करकरला, कुणी टेकावं तसा. पंखा असेल.

३० जानेवारी
पुन्हा सराव केला. या वेळी पुरुषाचा आवाज आला आहे. मराठी, दमलेला. रोज टाय लावून निघायचो आणि खाली गाडीत बसून राहायचो, बायकोला कळू नये म्हणून. कळलं तशी ती मुलीला घेऊन गेली.
निखिलला ऐकवलं. त्याला नुसता पंखा ऐकू येतो. खलास अनु, पुरे आता, झोप काढ जरा, म्हणाला. रागच आला. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा पुढचं ऐकायची ओढ जास्त आहे.

३ फेब्रुवारी
शेजारच्या बानूआपांना आधीच्या भाडेकरूबद्दल विचारलं. वो विलासभाई? बीवी-बच्ची गई, फिर दिनभर उसी कुर्सी पे बैठे रहते थे, म्हणाल्या. जाते हुए तो किसी ने देखा नहीं. त्याची गाडी अजून खाली वाळूत उभी आहे, धुळीने माखलेली.
खुर्ची गॅलरीत टाकली.

६ फेब्रुवारी
खुर्ची हॉलमध्ये आहे. आमच्यापैकी कुणीच आणलेली नाही.
बंद रेकॉर्डरमध्ये नवीन रेकॉर्डिंग — आता तो सांगत नाही, विचारतो. माझी मुलगी कुठे आहे? मग गप्प बसतो. माझ्याच पद्धतीने.

८ फेब्रुवारी
आता रेकॉर्डर लावावाही लागत नाही. भर दुपारी ऐकू येतं. ओवीलाही. ती उत्तर द्यायला गेली, मी तोंड दाबलं. शांतता न सोसून जी उत्तर देईल ती त्याची — मला पक्कं कळलंय.
निखिलने हात टेकले. बुधवारी आम्ही दोघी पुण्याला.

१० फेब्रुवारी
ओवी शाळेतून आली. दार लागलं. खुर्ची आमच्या दोघींच्या मधे, तिच्यापर्यंत पोचता येत नाही.
त्याने विचारलं. आता गप्प आहे.
मी बोलणार नाही. म्हणून लिहिते आहे —
मोठ्यांनी विचारलं की उत्तर द्यायचं, ही सवय मीच तिला —
वही उंच धरली. मोठ्या अक्षरांत: बोलू नकोस.
बघते आहे. डोळे बारीक करून —
देवा. तिला हे वाचता येत नाही —
थांब, इंग्लिशमध्ये —
तिने तोंड उघ