आबांच्या फियाटचं कव्हर

५ मे, रविवार

कव्हर आलं! ऑनलाइन मागवलेलं. चंदेरी, चकचकीत, पिशवीवर छत्रीचं चित्र. प्रदीपनं आणि मी ते फियाटवर चढवलं आणि वरून दोन बादल्या पाणी ओतलं. एक थेंब आत नाही! मी खूश, नवरा त्याहून खूश, कारण त्याला सुट्टीच्या दिवशी परत झोपायचं होतं.

आबा ओट्यावर बसून मान वळवून वळवून बघत होते. काचबिंदूमुळे त्यांना समोरचं दिसतं, बाजूचं नाही. एवढंच म्हणाले, "सकाळी बघू."

सासरे आहेत म्हणून मी निमूट बादल्या उचलल्या.

६ मे

सकाळी धुकं उतरलं होतं. आबांनी कव्हरखाली हात घातला, बॉनेटवरून फिरवला आणि ओला तळवा माझ्यासमोर धरला.

"ह्ये भायेरचं पानी आत येऊ देत न्हाई, आन् आतलं भायेर जाऊ देत न्हाई. चार म्हैन्यात पत्र्याची चाळण."

परत पाठवलं. त्यांचं बरोबर होतं, याचाच जास्त राग आला.

९ मे

लिहून टाकते, म्हणजे डोकं शांत होईल.

गाडीची शेड शेजाऱ्यांच्या जागेत होती. त्यांनी तिथे बांधकाम सुरू केलं, शेड गेली, गाडी उघड्यावर आली. लोणावळ्याचा पाऊस, त्यात पंचेचाळीस वर्षांची गाडी. कव्हर हवंच. हे झालं सगळ्यांना सांगायचं कारण.

खरं कारण मार्चमधलं. आबा मला घेऊन कुरवंड्याला निघाले होते. वळणावर डावीकडून एक बाई मोळी घेऊन आली. आबांना दिसलीच नाही! मी ओरडले. तिनं मोळी टाकून गटारात उडी मारली म्हणून वाचली. आबांनी गाडी कडेला घेतली. उतरले, तिची मोळी स्वतः बांधून दिली. मग स्टिअरिंग धरून किती तरी वेळ बसून राहिले. त्यानंतर डॉक्टर, तपासण्या, आणि "आजोबा, आता गाडी बंद".

त्या संध्याकाळी मी किल्ली उचलली आणि हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात पुरली. आबांनी ती आजपर्यंत एकदाही मागितलेली नाही. हेच मला खुपतं. तीस वर्षं टुरिस्टांना घाट दाखवत फिरलेला माणूस किल्ली मागत नाही? म्हणजे काहीतरी शिजतंय.

म्हणून मला घट्ट कव्हर हवंय. पट्ट्यांचं, बकलांचं, एकट्या माणसाला न सुटणारं. पाऊस हे निमित्त. प्रदीपला हे बोललेले नाही. बोलले तर म्हणेल, "माझ्या बापाला डांबतेस का?"

१४ मे

ताडपत्री आणली. नापास! वारा सुटला आणि ती दिवसभर फडफडत राहिली. संध्याकाळी आबांनी गाडीच्या छपराच्या कडेवरून बोट फिरवलं. ताडपत्रीच्या कड्या घासून रंगावर बारीक ओरखडे.

"पावसानं न्हाई गेली तरी ह्यानं जाईल. सोड, प्रतीक्षा. आपून युनूसकडं जाऊ."

"कव्हर नकोच असेल तर तसं सांगा ना, आबा!" माझा आवाज चढलाच.

"नगं कुटं म्हनलं? नीट पायजे म्हनलं."

१९ मे, रविवार

युनूसभाई घरी आले. बाजारात त्यांचं कुशनचं दुकान आहे. गाड्यांच्या सीटा, हूड, कव्हरं, सगळं शिवतात. फियाटच्या सीटा आतापर्यंत त्यांनीच तीनदा भरल्यात.

मापं घेणं बघण्यासारखं होतं. युनूसभाई टेप लावायच्या आधीच आबा आकडा सांगायचे, आणि तो बरोबर निघायचा! आरशाच्या जागेला कापडाचा फुगा ठेवायचा, हे दोघं एकदमच म्हणाले. कापड ठरलं. वरून मेण लावल्यासारखं, पाणी ओघळून जाणारं, आतून मऊ फ्लॅनेल. दोन्ही बाजूंना झाकणीखाली जाळी, म्हणजे वाफ बाहेर पडेल. पोटाखालून दोन पट्टे. गाडी धुऊन, कोरडी झाल्याशिवाय कव्हर घालायचं नाही. उन्हं पडली की काढायचं.

"पट्टे मजबूत लावा हं," मी म्हटलं.

आणि मग आबा सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "ड्रायव्हरच्या बाजूला चेन लाव युनूस. दार उघडंल येवढी."

झालं! चेन ओढली की दार मोकळं. मला कळायचं ते कळलं.

२३ मे

बुद्धपौर्णिमा. दर वर्षी विहारात फियाटनं जायचो, आबा पांढऱ्या शर्टात, गाडी आदल्या दिवशी धुतलेली. या वर्षी रिक्षा. आबा पुढे ड्रायव्हरला चिकटून बसले आणि चढावर त्याला म्हणाले, "आता दुसरा टाक." त्यानं टाकला. रिक्षा दणक्यात चढली. आम्ही सगळे हसलो.

उतरल्यावर मात्र ते रिक्षाकडे बघत उभे राहिले.

२७ मे

आबांची टोपी फियाटच्या सीटवर सापडली! ड्रायव्हरच्या. काचही अर्धी खाली. मी दोनदा डाळीचा डबा तपासला. किल्ली जागेवर. दाराचं लॉक सैल झालं असणार, जुनी गाडी.

पण म्हणजे ते आत जाऊन बसतात. आज बसले, उद्या वायर जोडून सुरू करतील. त्यांना सगळं येतं.

२८ मे

ऑफिसातून युनूसभाईंना फोन केला.

"चेन नको."

"ताई, आबांनी मुद्दाम सांगितलंय."

"विसरलो म्हणा."

"शिवणारा माणूस चेन कसा विसरेल, ताई? पन तुमी म्हनता तर नाही लावत."

शाळेची लिपिक मी. पोरांच्या खोट्या रजेच्या चिठ्ठ्या पकडते. आणि हे करते.

२ जून, रविवार

कव्हर बसलं. काय बसलं! कुठे सुरकुती नाही, आरसे अगदी फुग्यात, पट्टे कचकचून. राखाडी रंगाचं. युनूसभाई माझ्याकडे न बघता चहा प्यायले.

आबांनी पुढून सुरुवात केली. हात कव्हरवर ठेवून चालत गेले. बॉनेट, आरसा, मग उजवं दार. तिथे थांबले. हात वर गेला, खाली गेला. परत वर. आता काहीतरी बोलतील, ओरडतील, निदान युनूसभाईंना झापतील!

"शिवण बेस हाय," म्हणाले आणि घरात गेले.

जिंकले मी. जेवण गेलं नाही.

५ जून

पाऊस धो धो. कव्हरखाली हात घालून बघितला, बॉनेट कोरडं. आबांना सांगितलं. "हां," म्हणाले. तीन दिवस ओट्यावर आलेले नाहीत. टीव्हीसमोर बसतात, तोही बंद.

प्रदीपनं विचारलं, "आबांना काय झालंय?" मी म्हटलं, हवा बदलली ना.

७ जून, शुक्रवार

सकाळी स्वयंपाकघरात आबा आले. सदऱ्याच्या आतल्या खिशातून फियाटची किल्ली काढली आणि ओट्यावर ठेवली. माझी डब्यातच होती. ही दुसरी.

"ही बी ठेव डाळीत. मार्चपास्नं खिशातच हाय. त्या बाईचं तोंड आटवतं, लावाया हात व्हत न्हाई. नुसता बसायचो गं आत."

युनूसभाईंना फोन लावला. चेन हवी. उजव्या दाराला, पूर्ण उघडेल एवढी. आजच.