एकट्याला जमतील असे फोर्क

९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे आम्ही दोघं ठीक. बोगद्याच्या कामावर फोन लागत नाही हे मान्य, पण तिथे पेनही चालत नाही का? मागच्या पत्राचं उत्तर अजून नाही. असो. भांडायला नाही, कामासाठी लिहितेय.

बाबांनी अखेर मान्य केलं की सिमेंटचे ब्लॉक लोडरच्या बकेटमध्ये भरून न्यायचे दिवस संपले. ओतताना कडा उडतात आणि गिऱ्हाईक प्रत्येक तुटका ब्लॉक आपल्या डोळ्यांपुढे नाचवतं. आता माल लाकडी पॅलेटवरच रचायचा आणि आपल्या टिल्लू ट्रॅक्टरच्या लोडरला पॅलेटखाली शिरणारे फोर्कचे दोन लोखंडी दाते लावायचे. टिल्लू आहे तसाच आहे. छोटा, चिडका, आणि उतारावर बाबांपेक्षा जास्त कण्हणारा.

तू दिवसभर मोठ्या यंत्रांत असतोस, म्हणून विचारते. दुकानदाराने तीन प्रकार दाखवले. पहिला बकेटच्याच ओठाला चाप लावून आवळायचा. स्वस्त आणि झटपट. पण माल बकेटच्याही पुढे जाऊन बसतो, म्हणजे टिल्लू उचलणार कमी आणि बकेटचा ओठ वाकणार तो वेगळाच. दुसरा बकेट काढून त्या जागी चौकट लावायचा, हलकी चौकट आणि आखूड फोर्क. तिसराही चौकटीचाच, पण जाडजूड, लांब फोर्कचा. दिसायला भारदस्त आहे. मला वाटतं तो मोठ्या ट्रॅक्टरसाठी असावा, टिल्लूची निम्मी ताकद चौकट उचलण्यातच जाईल. मला दुसरा बरा वाटतो. त्याबरोबर मागे लावायची लोखंडी पेटी घ्यायची, त्यात दगड भरायचे, म्हणजे पुढे माल उचलला की मागची चाकं उठणार नाहीत.

बाबांना पेटी नको आहे. ते म्हणतात, "मागे वजन आहे की आपल्याकडे." म्हणजे मी. तू गेल्यापासून टिल्लूच्या मागे अवजार जोडायच्या दांडीवर मीच उभी राहते, सीटची पाठ धरून. बाबा दोनदा हॉर्न देतात, मी हातातलं टाकून पळत जाते आणि चढते. जेवताना तर ताटात वाढत राहतात, "खा, उद्या अख्खा ढीग उचलायचाय." एवढ्या कौतुकाने कुणी कुणाला जाड केलं नसेल.

पेटी हवीच असं तू लिही. तुझं म्हणणं मी दुकानदाराचं म्हणून सांगेन. मला असं काहीतरी हवंय की एकट्या माणसाला जमेल. लावायला, काढायला, उचलायला, सगळं एकट्याला. मी दुकानदारालाही हेच विचारत होते. तो शेवटी म्हणाला, "ताई, एकटं कोण आहे तुमच्याकडे?" मी विषय बदलला.

लवकर लिही. मला हल्ली एका जागी बसवत नाही. हे पत्र लिहितानाही मधेच उठून यार्डात दोन चकरा मारून आले.

तुझी,
धाकटी


२१ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. चौकट हलकीच घ्या, पेटी घेतल्याशिवाय फोर्क लावूच नका, आणि मागे माणूस उभं करणं हा मूर्खपणा आहे, असं लिहिलंस. तो मूर्खपणा तूही बरीच वर्षं केलास, पण ते जाऊ दे. मी हलकी चौकट आणि पेटी दोन्ही सांगून आलेय. दहा-बारा दिवसांत येईल.

पत्राच्या खाली तू विचारलंस, "तुझं नक्की काय चाललंय?" मी ते वाचलं आणि पत्र घडी करून उशीखाली ठेवलं. मग काढलं, परत वाचलं. तू दूर राहूनही इतका आगाऊ कसा काय?

तर ऐक. मला नोकरी लागली आहे. शहरात, काँक्रीट तपासण्याच्या प्रयोगशाळेत. ठोकळे दाबून फोडायचे आणि किती भाराला फुटले ते लिहायचं. आपले ब्लॉक चांगले की वाईट हे मी आजवर बोटांनी वाजवून सांगत आले, आता यंत्र सांगणार आणि मी सही करणार. मुलाखतीत साहेबांनी दोन ठोकळे पुढे ठेवले आणि कुठला कच्चा ते विचारलं. मी हात लावायच्या आधीच सांगितलं. मला इतका आनंद बऱ्याच वर्षांत झाला नव्हता, दादा. परत येताना बसमध्ये एकटीच हसत होते, शेजारची बाई सरकून बसली.

रुजू व्हायचंय पुढच्या महिन्यात आणि बाबांना मी अजून काहीही सांगितलेलं नाही. रोज ठरवते. सकाळी ते साच्यांना तेल लावत असतात तेव्हा तोंड उघडते आणि म्हणते, "बाबा, चहा ठेवू का?" दिवसाला सहा वेळा चहा होतोय. परवा त्यांनी विचारलं, "तुझी तब्येत बरी आहे ना?"

आधी फोर्क येऊ देत, पेटी लागू दे, बाबांचा हात बसू दे, मग सांगेन. रिकाम्या दांडीकडे बघून त्यांनी हॉर्न द्यावा, हे मला सहन होणार नाही.

तू हे त्यांना कळवू नकोस. कळवणार तरी कसा म्हणा, तुम्ही दोघं एकमेकांची विचारपूससुद्धा माझ्यामार्फत करता. "त्याला म्हणावं, पाय गरम ठेव." "त्यांना म्हणावं, धुळीत तोंड बांधा." पोस्टमन बरा, त्याला निदान सुट्टी असते.

तुझी,
धाकटी


८ मार्च

प्रिय दादा,

मांडीवर कागद ठेवून लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

काल फोर्क आले. टेम्पोतून उतरवतानाच माझ्या लक्षात आलं. ती जाडजूड चौकट, लांब फोर्क. पेटी नाहीच. मी तिथूनच दुकानदाराला फोन लावला आणि वाट्टेल ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुमच्या वडिलांनीच बदलून घेतलं. पेटीही रद्द केली. मी सांगितलं त्यांना, तुमच्या ट्रॅक्टरला हे जड होईल, मागे वजन लागेल. ते म्हणाले, वजन आहे घरात."

मी फोन ठेवला. मला राग आला, खूप राग आला. चूक झाली असती तर एक वेळ समजले असते, पण ही चूक नव्हती. ज्या माणसाने आयुष्यभर कुठल्या यंत्रावर किती भार घालावा हे दुसऱ्यांना शिकवलं, त्याने मुद्दाम जड फोर्क घेतले होते.

तेवढ्यात ट्रक आला. ड्रायव्हर घाईत, बाबाही घाईत. त्यांनी चौकट चढवली, भरलेल्या पॅलेटखाली फोर्क घातले आणि उचललं. पॅलेट वीतभर उठलं आणि मागची चाकं जमिनीवरून सुटायला लागली. बाबांनी दोनदा हॉर्न दिला.

मी दहा पावलांवर उभी होते. गेले नाही.

पुन्हा दोनदा हॉर्न. माझा पाय पुढे पडलासुद्धा, इतकी सवय. मी तो मागे घेतला आणि ओरडून म्हणाले, "बाबा, मी सोमवारी जातेय. नोकरीला."

बाबांनी पॅलेट खाली टेकवलं आणि टिल्लू बंद केला. माल अर्धवट असताना त्यांना इंजिन बंद करताना मी कधी पाहिलं नव्हतं. ड्रायव्हर एकदम ट्रकचं टायर तपासायला गेला.

"माहीत आहे," बाबा म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? एकट्याला लावता येईल ना, एकट्याला काढता येईल ना. महिनाभर तेच ऐकतोय. एकटा कोण राहणार आहे, एवढं कळतं मला."

"मग हे जड का घेतलंत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्याने पुसत राहिले. मग म्हणाले, "वाटलं, थांबशील."

मी रडले, ड्रायव्हरसमोर. रडतच म्हणाले की मी थांबणार नाही, आणि आवाज वाटला होता त्यापेक्षा मोठा आला. बाबा खाली उतरले. मला वाटलं घरात जातील आणि दार लावून घेतील, तू गेलास तेव्हा लावलं होतं तसं. ते पॅलेटपाशी गेले आणि वरचे ब्लॉक हाताने उतरवायला लागले. मी पुढे झाले तर म्हणाले, "तू राहू दे. मला बघू दे, मी किती उचलतो ते."

त्यांनी साधारण निम्मा माल उतरवला. टिल्लू सुरू केला आणि हळूच उचललं. मागची चाकं जमिनीवर राहिली. ते एकदाही मागे न बघता ट्रकपर्यंत गेले, माल ठेवला आणि उरलेल्यासाठी परत आले. ड्रायव्हर पुटपुटला, "असं तर संध्याकाळ होईल." बाबा म्हणाले, "होऊ दे." मी तिथेच उभी राहिले. हात कुठे ठेवायचे ते मला कळत नव्हतं.

फोर्क परत करायचे का, असं नंतर विचारलं. म्हणाले, "बघू." त्यांच्या "बघू"चा अर्थ तुला मी सांगायला नको.

आज माझी बॅग भरून झाली आहे. मघाशी बाबा तिच्याजवळून दोनदा गेले. दुसऱ्यांदा जाताना त्यांनी ती नुसती उचलून पाहिली आणि खाली ठेवली.

आता तुझं काम. पुढचं पत्र मला पाठवू नकोस. इथल्याच पत्त्यावर पाठव, पाकिटावर बाबांचं नाव घालून. कसे आहात वगैरे विचारू नकोस, ते उत्तर देणार नाहीत. त्यांना लिही की टिल्लूला हे फोर्क जड आहेत, हलकी चौकट आणि पेटी घ्या. ते चिडतील. तुला काय कळतं म्हणतील, जड फोर्क का चांगले ते चार पानं भरून लिहितील. ती चार पानं तुला येतील, दादा. वाच, आणि तूही वाद घाल. लगेच हरू नकोस.

आता तुमच्या दोघांच्या मध्ये कुणी नाही.

तुझी,
धाकटी